गुन्हेगारी कमी करायचे सरकारी उपाय: नागपुरात ठाण्यापर्यंत काय पोचतं आणि कुठे अडतं

महालकर (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या काही वर्षांत राज्य सरकारने सार्वजनिक सुरक्षेसाठी बरंच काही उभं केलं. ११२ क्रमांकाचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि त्याच्या जोडीचं दुसरं आपल्या नागपुरात. २०२४ मध्ये आयआयएम नागपूर आणि नागपूर ग्रामीण पोलिसांच्या साथीने मार्व्हल ही पोलिसांसाठी एआय प्रणाली बनवणारी सरकारी कंपनी. १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे: न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम. जानेवारी २०२५ मध्ये फिरत्या न्यायवैद्यक व्हॅन. शहरात सेफ अँड स्मार्ट सिटीचे साडेतीन हजारांवर कॅमेरे. तडीपारी, एमपीडीए (धोकादायक गुंडांना स्थानबद्ध करायचा कायदा) आणि मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) तर आधीपासून आहेतच.

बातम्या उद्घाटनापाशी थांबतात. इथे त्यापुढचं लिहू या: ठाण्यात, कोर्टात, गल्लीत हे कसं चालतं, कोणता कागद लागतो, कशामुळे फसतं. पक्षांची भांडणं दुसरीकडे. बऱ्याच लेआउटमध्ये (प्लॉट पाडून वसलेल्या वस्त्यांत) कॅमेऱ्यांची वर्गणी निघते आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करा.

तारजोडणी

वर्गणीच्या आधी एक ठरवा भाऊ: कॅमेऱ्यात पाहायचं काय? "पूर्ण रस्ता दिसला पायजे" म्हणून सगळे २.८ एमएम लेन्स लावतात. रस्ता दिसते, माणूस ओळखू येत नाही. चेहरा ओळखायला एका मीटर रुंदीत सुमारे २५० पिक्सेल लागतात. २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचं चित्र १९२० पिक्सेल रुंद, म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंदी आली की चेहरा हातचा गेला. २.८ एमएमला ही हद्द तीन मीटरवरच संपते. ६ एमएमला सात-साडेसात, १२ एमएमला पंधरा मीटरच्या आसपास. म्हणून लेआउटच्या प्रत्येक तोंडाशी दोन कॅमेरे पायजेत: एक रुंद, काय घडलं ते दाखवायला, दुसरा लांब लेन्सचा, फक्त येण्याजाण्याच्या पट्ट्यावर रोखलेला. उंची दहा फुटांच्या आत. पंधरा फुटांवरून टोपी दिसते, तोंड नाही.

गाडीच्या नंबरासाठी कॅमेरा वेगळाच समजा. शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, पाटीशी कोन ३० अंशांच्या आत. शटर ऑटोवर सोडलं तर रात्री हेडलाइटच्या झोतात पाटी पांढरी होऊन जाते आणि चालती गाडी पुसट येते.

साठवणीचा हिशेब कोणी करत नाही. एच.२६५ (चित्रण दाबून साठवायची पद्धत) मध्ये २ एमबीपीएसला एक कॅमेरा दिवसाला २१-२२ जीबी घेतो, आठ कॅमेरे १७० जीबीच्या वर. सेटसोबत १ टीबीची डिस्क आली तर ती सहाव्या दिवशी जुन्यावर नवं लिहायला लागते. उन्हाळ्यात लोक पंधरा दिवस गावी जातात. परत येईपर्यंत घरफोडीची रात्र पुसलेली राहते. तीस दिवस ठेवायचे तर ६ टीबी घ्या, आणि ती सर्व्हेलन्ससाठीचीच डिस्क. मे महिन्यात ४५ अंशांत, बंद लाकडी कपाटात डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) कोंडला की साधी डिस्क टिकत नाही. कपाटाला मागून आणि वरून हवा पायजे.

आणि घड्याळ. डीव्हीआरमधला बटन सेल उतरला की वीज जाऊन आल्यावर वेळ मागे जाते, कधी तारीखच जुनी दाखवते. इंटरनेट असेल तर एनटीपी (नेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय) चालू करा. नसेल तर महिन्यातून एकदा मोबाईलच्या वेळेशी ताडून वहीत लिहा. फुटेज देताना फरक किती ते पंचनाम्यात नोंदवून घ्या: "डीव्हीआरची वेळ प्रत्यक्षापेक्षा ११ मिनिटे मागे". हे वाक्य नसेल तर मोबाईल टॉवरची वेळ एक आणि चित्रातली वेळ दुसरी, आणि दोन्ही पुरावे एकमेकांना कापतात.

बर्डी_वकील

तारजोडणी यांनी वेळेचं सांगितलं ते अगदी कळीचं. त्याला कायद्याची बाजू जोडतो.

फुटेज कोर्टात चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ब चाच हा पुढचा अवतार. ते बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या आपल्याच राज्यातल्या खटल्यात स्पष्ट केलं. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) आणि ती कोणत्या पद्धतीने काढली ते लिहावं लागतं.

फसतं ते असं. पडद्यावर चाललेलं फुटेज मोबाईलने शूट करून तेच व्हॉट्सअॅपवर तपास अधिकाऱ्याला जातं. व्हॉट्सअॅपने फाइल दाबली की मूळ हॅश जुळत नाही. तोवर डीव्हीआरमधलं मूळही पुसलं गेलेलं. आरोपीच्या वकिलाला एवढं पुरतं. योग्य पद्धत: डीव्हीआरमधून मूळ स्वरूपात एक्स्पोर्ट, सोबत त्याचा प्लेअर, नव्या पेनड्राइव्हवर, एसएचए-२५६ हॅश तिथेच काढून पंचनाम्यात, आणि भाग अ वर लेआउटच्या सचिवाची सही त्याच दिवशी. सहा महिन्यांनी सही मागायला पोलीस येतात तोवर सचिव बदललेला असतो.

मानेवाडा_लेआऊट

उपयुक्त. पण चौकाचौकांत सरकारी कॅमेरे आहेत तर वस्तीने खर्च का करायचा? आणि सरकारी कॅमेऱ्याचं फुटेज नागरिकाला मिळतं का?

तारजोडणी

सरकारी कॅमेरे मोठ्या चौकांवर आहेत, तुमच्या आतल्या गल्लीत नाहीत. पळणारा माणूस कोणत्या दिशेला गेला ते चौकातून कळते, कोणत्या घरातून निघाला ते नाही. दोन्हींची साखळी जुळली तरच कामाची. शिवाय सिमेंट रस्ता, पूल, पाइपलाइन यांच्या खोदकामात फायबर कापली जाते आणि तेवढा चौक आंधळा होते. वस्तीचा कॅमेरा ती जागा भरून काढते.

बर्डी_वकील

सरकारी फुटेज तपास अधिकारी पत्र देऊन मागवतो. तक्रारदाराने करायचं ते एवढंच: तक्रारीत चौकाचं नाव, वेळेचा पट्टा (उदा. रात्री ९.१० ते ९.४०) आणि "सदर कालावधीचे फुटेज तातडीने जतन करावे" हे वाक्य लिहायचं. साठवणीची मुदत उलटली तर पुढचा सगळा पत्रव्यवहार वाया.

चार्ली_पॉइंट

११२ बद्दल. कॉल केंद्रात घेतला जातो, तिथे घटना नोंदते, मग ती शहराच्या नियंत्रण कक्षाकडे येते आणि तिथून जवळच्या गाडीतल्या किंवा बीट मार्शलकडच्या (दुचाकीवरच्या गस्ती पोलिसाकडच्या) यंत्रावर. कॉल घेणारा नागपूरचाच असेल असं नाही. "दत्त मंदिराजवळ" म्हटलं तर शहरात शंभर मंदिरं. ठाण्याचं नाव, मोठा रस्ता, मग खूण, या क्रमाने सांगा: "हुडकेश्वर ठाणे, मानेवाडा-बेसा रोड, अमुक शाळेच्या मागे". मोबाईलचं स्थान यंत्रणेला आपोआप मिळतं, पण दाट वस्तीत किंवा इमारतीच्या आत ते दुसऱ्याच गल्लीवर पडू शकतं.

शेजारच्या पाच घरांनी पाच कॉल केले तर पाच घटना तयार होऊ शकतात आणि त्या एकत्र करण्यात वेळ जातो. एकाने बोलावं, बाकीच्यांनी फाटकाशी उभं राहून गाडीला हात दाखवावा.

सर्वात मोठा गैरसमज: ११२ ला कॉल म्हणजे तक्रार नोंदली. तसं नाही. गाडी येते, परिस्थिती हाताळते, यंत्रावर "कारवाई पूर्ण" होतं आणि घटना बंद. गुन्हा नोंदवायला ठाण्यातच जावं लागतं. घटनेचा क्रमांक मागून ठेवा. कॉल किती वाजता झाला याचा तो स्वतंत्र पुरावा आहे.

महालकर

ठाण्यात गेल्यावर नव्या कायद्याने नागरिकाच्या हाती नेमकं काय दिलं, ते वकीलसाहेब सांगतील का?

बर्डी_वकील

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ नीट वाचावं असं आहे. घटना कोणत्याही हद्दीतली असो, ठाण्याला माहिती घ्यावीच लागते, हाच झीरो एफआयआर. ऑनलाइन पाठवलेली माहितीही चालते, पण तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही केली तरच ती नोंदीवर येते. ही तीन दिवसांची अट लोक विसरतात आणि मग "ऑनलाइन केली होती" म्हणत बसतात. एफआयआरची प्रत मोफत. ठाणेदाराने नोंदवायला नकार दिला तर तीच माहिती लेखी, पोस्टाने, आपल्या परिमंडळाच्या उपायुक्तांना. तरी झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज, सोबत शपथपत्र. पोस्टाची पावती जपा, कारण मधली पायरी झाली हे तिथे दाखवावं लागतं. कलम १९३ खाली तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायची आहे. नव्वदावा दिवस उलटला की लेखी विचारा.

आता एक बारकावा, जो साखळी हिसकावण्याच्या गुन्ह्यांत सारखा आडवा येतो. न्याय संहितेने कलम ३०४ मध्ये हिसकावणं हा वेगळा गुन्हा केला, चांगलं केलं. पण शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि १७३(३) म्हणतं की तीन वर्षे किंवा अधिक पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, वरिष्ठांच्या परवानगीने, १४ दिवस प्राथमिक चौकशी करता येते. साखळी हिसकावणाऱ्याच्या मागे पहिल्या चार तासांत लागलं नाही तर सोनं वितळलेलं असतं, चौदा दिवस फार झाले. हिसकावताना मानेला ओरखडा आला, ढकललं, चाकू दाखवला, तर ती जबरी चोरी होते, कलम ३०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. तिथे प्राथमिक चौकशीचा आडोसा नाही. म्हणून जे झालं ते सगळं लिहा, खरं लिहा, आणि मानेवर व्रण असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्या. "गळ्यातली पोत ओढून नेली" एवढंच लिहिलं की प्रकरण ३०४ वर थांबतं.

निवृत्त_तपासी

न्यायवैद्यक व्हॅनबद्दल लिहितो. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३): सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी यायचं. राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुभा आहे, महाराष्ट्राने अडीचशेच्या वर व्हॅनची योजना त्यासाठीच आखली. घरातली चोरी (न्याय संहितेचं कलम ३०५, सात वर्षांपर्यंत) आणि रात्रीची घरफोडी दोन्ही यात बसतात. म्हणजे खुनालाच तज्ज्ञ येतो ही समजूत सोडा. एफआयआर नोंदवताना तज्ज्ञ बोलावण्याची मागणी तोंडी नको, लेखी करा.

व्हॅन येईपर्यंत घर कसं राहिलं यावर सगळं. कडीकोयंडा तुटलेला दिसला की घरचे आत शिरतात, कपाट उघडून काय गेलं ते मोजतात, बाई फरशी पुसून घेते. ठसे कपाटाच्या दारावर, आतल्या डब्यांच्या गुळगुळीत झाकणांवर, खिडकीच्या काचेवर चांगले मिळतात. खडबडीत भिंतीवर, गंजलेल्या ग्रिलवर मिळत नाहीत. बाहेरच थांबा, मुलं आणि कुत्रं बाहेर, पंखे बंद. चोराने पाणी प्यायलेला पेला, फेकलेली खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी याला हात लावू नका. नागपुरात खर्ऱ्याची पन्नी घटनास्थळी सापडणं सामान्य आहे, आणि लाळेतून डीएनए मिळू शकतो. ती प्लास्टिकच्या पिशवीत भरू नये, ओल धरून नमुना कुजतो. कोरड्या कागदी लिफाफ्यात, आणि ते काम तज्ज्ञाचं.

घरच्यांचे ठसेही घ्यावे लागतात, वगळण्यासाठी. लोक यावर रागावतात. राज्याच्या अॅम्बिस या संगणकीय ओळख प्रणालीत ठसे ताडून पाहायचे तर आधी घरचे कोणते हे कळायलाच हवं.

मानेवाडा_लेआऊट

तडीपारीबद्दल कोणी लिहील का? सणाच्या आधी यादी निघते, आणि तोच माणूस महिन्याभरात पानठेल्यावर दिसतो. मग उपयोग काय?

बर्डी_वकील

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलमं ५५, ५६, ५७. ५५ टोळीसाठी, ५७ शिक्षा झालेल्यांसाठी, आणि सर्वाधिक वापर ५६ चा. शहरात आदेश परिमंडळाचे उपायुक्त काढतात, कमाल मुदत दोन वर्षे. आधी ५९ ची नोटीस, बाजू ऐकणं, मग आदेश. ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील.

आदेश रद्द होतात ते बहुतेक चार-पाच ठरलेल्या कारणांनी, म्हणून ते टाळता येण्यासारखे आहेत. शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत फार अंतर. जुने, सुटलेले खटले यादीत भरणं. गोपनीय साक्षीदारांचे जबाब वरिष्ठाने पडताळल्याची खूण नसणं. साक्षीदार उघडपणे पुढे यायला धजावत नाहीत हे नोंदवायचं राहणं. आणि गुन्हे एका ठाण्याच्या हद्दीतले असताना कारण न देता शेजारचे जिल्हेही आदेशात घालणं. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जालन्याच्या प्रकरणात सांगितलं की तडीपारी हा असाधारण उपाय आहे, आणि पूर्ण दोन वर्षे लावायची तर त्या मुदतीमागचा विचार आदेशात दिसला पाहिजे. छापील मसुद्यात नाव बदलून काढलेला आदेश इथेच पडतो.

एमपीडीए, १९८१ चा कायदा, हे आणखी तीक्ष्ण. आयुक्तांचा आदेश, कमाल बारा महिने स्थानबद्धता. १२ दिवसांत शासनाची मान्यता, पाच दिवसांत कारणं आरोपीला, तीन आठवड्यांत सल्लागार मंडळाकडे, मंडळाचा अहवाल सात आठवड्यांत. एक तारीख चुकली की माणूस बाहेर. आणि कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत हवीत. जोडलेल्या इंग्रजी कागदांचं भाषांतर नाही, एवढ्यावरही आदेश जातो.

निवृत्त_तपासी

वकीलसाहेबांशी कागदावर सहमत. पण तडीपारी निरुपयोगी हे मला मान्य नाही. ती माणूस सुधारायला नसतेच. वस्तीत वसुली करणारा माणूस सहा महिने दिसेनासा झाला की त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला दोन दुकानदार पुढे येतात. त्या सहा महिन्यांत जुन्या खटल्यांतल्या साक्षी उरकून घेतल्या तर फायदा. घेतल्या नाहीत तर नुसता गावबदल. ठाण्यात तडीपारीचं रजिस्टर आणि प्रलंबित खटल्यांचं रजिस्टर वेगवेगळ्या टेबलांवर असतात, खरी अडचण ती.

तडीपार परत दिसला तर कलम १४२ खाली नवा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. "मानेवाडा चौकात दिसतो" अशी तक्रार निरर्थक. तारीख, वेळ, जागा, आणि शक्य असेल तर चित्र. ठाण्याला अटक पंचनाम्यात जागा आदेशाच्या हद्दीत आहे हे दाखवावं लागतं.

मनुष्यबळाचंही बोललं पाहिजे. डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन, दीक्षाभूमीचा सोहळा, मारबत, गणपती. प्रत्येक वेळी ठाण्यातले अंमलदार बंदोबस्ताला जातात, डीबी (गुन्हे शोध) पथकातलेसुद्धा. तपास थांबतो, गस्त पातळ होते. बंदोबस्तातून तपास पथक वगळायचा आदेश शासनाने काढला आणि पाळला, तर कोणत्याही नव्या यंत्रापेक्षा जास्त फरक पडेल असं माझं ठाम मत आहे.

यूटीआर

सायबरचं थोडक्यात. पैसे गेले की आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग ठाणे. उलट करू नका. १९३० ला लागतं ते: कोणत्या खात्यातून, किती, किती वाजता, आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक, म्हणजे यूटीआर. एसएमएसमध्ये तो असतो, यूपीआय अॅपच्या तपशिलातही. नोंद झाली की बँकांची साखळी पुढच्या खात्यातली रक्कम गोठवते. पैसे तासाभरात चार-पाच खात्यांतून फिरतात, म्हणून पहिला तासच खरा. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही यूटीआर द्या. एकच दिला तर तेवढीच साखळी शोधली जाते.

गोठलेली रक्कम आपोआप परत येत नाही. ती सोडवायला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली कोर्टात अर्ज करतात. त्यासाठी सायबर तक्रार पोर्टलचा पोचक्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि किती रक्कम कोणत्या बँकेत थांबली त्याचं ठाण्याचं पत्र लागतं.

हरवलेल्या मोबाईलसाठी संचार साथी पोर्टल. ठाण्याची नोंद, त्याच नंबरचं नवं सिम, आणि आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक). दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही भरा. स्टार-हॅश-०६-हॅश लावून आजच लिहून ठेवा.

महालकर

एमडी या अमली पदार्थाचा प्रश्न राहिला. उत्तर नागपुरात आणि कामठी रोडला सगळ्या वस्त्यांची तीच ओरड आहे.

बर्डी_वकील

एमडी म्हणजे मेफेड्रोन. २ ग्रॅमपेक्षा कमी ते अल्प प्रमाण, ५० ग्रॅमपेक्षा जास्त ते व्यावसायिक. गांज्याला हेच १ किलो आणि २० किलो. विकणारा खिशात कधीच ५० ग्रॅम ठेवत नाही. दहा-पंधरा ग्रॅमवर पकडला तर जामिनाची कडक अट लागत नाही, तो सुटतो. म्हणून एक-एक विक्रेता पकडण्यापेक्षा पुरवठ्याची साखळी जोडणं महत्त्वाचं, आणि मोक्काचा उपयोग तिथे. मोक्काला मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक दोषारोपपत्रं, गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते; मग दोषारोपपत्राला १८० दिवस मिळू शकतात.

अंगझडतीत अमली पदार्थ कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ५० ची विचारणा लेखी हवी: राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती हवी का? नमुने कलम ५२अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर. २०२२ च्या नियमांनंतर जागेवरच नमुना काढून पाकीट बंद करणं चालत नाही. तिथे चुकलं तर किलोचा माल असूनही खटला ढासळू शकतो.

हिशेबनीस

एक विनंती. वर्षाच्या शेवटी "गुन्हे इतके टक्के वाढले" असे आकडे आले की लगेच निष्कर्ष काढू नका. झीरो एफआयआर आणि ऑनलाइन नोंदीमुळे दाखल गुन्हे वाढतात, ते चांगलंच आहे. पाहायचं ते खुनाचा आकडा, कारण तो लपवता येत नाही, घरफोडीतला उघडकीचा दर, आणि दोषसिद्धी. चोरीची नोंद घटली आणि १९३० च्या तक्रारी वाढल्या, तर गुन्हा कमी झालेला नाही, जागा बदलली आहे.

मानेवाडा_लेआऊट

शेवटचा प्रश्न. चोर सापडला, दागिने मिळाले, तर परत कधी मिळतात? खटला संपेपर्यंत मालखान्यात राहतात असं ऐकलं.

बर्डी_वकील

राहायला नकोत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ प्रमाणे वस्तू कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत वर्णन, मग छायाचित्र किंवा चित्रीकरण, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश. तेव्हा अर्ज लगेच करा, सुपूर्तनाम्यावर (कोर्टाने मागितले की हजर करायच्या हमीवर) दागिने मिळतात. अडतं ते ओळखीपाशी: एफआयआरमध्ये "सोन्याची पोत, अंदाजे दोन तोळे" लिहिलेलं आणि जप्ती पंचनाम्यात १७.४ ग्रॅम. दागिन्याचं बिल, घातलेला फोटो आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी तिन्ही तक्रारीत द्या. बिल सापडत नसेल तर सराफाकडून त्याच्या वहीतली नोंद सही-शिक्क्यानिशी काढून आणा.

निवृत्त_तपासी

आणि जप्तीच्या वेळी सोनं वितळलेल्या लगडीच्या रूपात मिळालं असेल तर तपास अधिकाऱ्याला सराफाचा जबाब त्याच दिवशी घ्यायला सांगा: कोणी आणलं, कधी, किती वजन. तो जबाब नसेल तर लगड कोणत्या फिर्यादीची हे ठरवता येत नाही, आणि चार फिर्यादी एकाच लगडीवर अर्ज करून वर्षभर थांबतात.